पाचर

बाबा पाचर तासायला बसले की आई भात चुलीवरून उतरवायचीच नाही. तिला माहीत होतं, आता अर्धा तास हा माणूस जागचा हलत नाही. कुणाच्या कुऱ्हाडीचा दांडा हलायला लागला, फावडं सैल झालं, बाजेचा पाय डुगडुगला, की आमच्या चांदीप गावातला जो तो आमच्या ओट्यावर येऊन टेकायचा. बाबा पडवीतल्या ढिगातून चिंचेचा एक तुकडा उचलायचे. चिंचच का, तर ती चिवट, फुटत नाही. मग कोयत्याचा आवाज सुरू व्हायचा. सट, सट, आणि शेवटी एक लांब सर्र. तो सर्र आला की आई म्हणायची, "झाली वाटतं. ताटं घ्या." त्या वयात मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी जेवणाची वेळ अशीच ठरते.

पाचर ठोकतानाचं बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. समोरचा लहान असो की म्हातारा, ते त्याला सांगणारच. "बारीक तोंड आत, जाड डोकं भायेर. डोकं भायेर राह्यलं तर परत काढता येते. जी काढता येत नाय ती पाचर नाय, ती खुट्टी." आम्ही भावंडं पाठीमागून त्यांची नक्कल करायचो. दादा त्यांच्यासारखा एक डोळा मिटून हवेत पाचर धरायचा आणि मी हसून लोळायचे.

मी हुशार होते. हे मीच लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. बाबा सही करायचे, आई अंगठा. दादा आठवीपर्यंत गेला आणि मग शाळा आणि तो दोघंही एकमेकांना कंटाळले. मी मात्र मेकॅनिकलला गेले. वर्गात मुली दोन, एक मी आणि दुसरी निर्मळची ग्रेसी. गावात माझं नाव सुगंधा कमी आणि सुगी जास्त, सुगीच्या दिवसांत जन्मले म्हणून. "हरीची सुगी इंजनेर होनार" हे वाक्य गावात इतक्या वेळा फिरलं की पहिल्या वर्षी एक काका बंद पडलेला रेडिओ घेऊन आले होते. मला तो दुरुस्त करता आला नाही. दादाने केला.

दादा सातिवलीला एका प्रेसशॉपमध्ये कामाला होता. गाळा लांबोळका, वर पत्रे, आत ओळीने सात प्रेस. पत्र्याची पट्टी आत सरकवायची, बटण दाबायचं, वरून ठोकळा येतो, खाली दाराच्या बिजागरीचं एक पान पडतं. दिवसभर तेच. सकाळी तो हायवेपर्यंत सायकलने जायचा, पुढे टेम्पोने. संध्याकाळी आला की आधी हात धुवायचा, कोपरापर्यंत, राखेने. तरी हाताला तेलाचा वास राहायचाच, आणि तो वास सुकटीच्या वासात मिसळला की मला घरी आल्यासारखं वाटायचं. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर आपोआप वाजत राहायची. आई ओरडायची, "जना, ताट वाजवू नको, भांडनं होतात." तो थांबायचा, आणि दोन घासांनी पुन्हा सुरू. तव्यावरची तांदळाची भाकरी तो उघड्या बोटांनी उचलायचा. आई त्याच्याकडे बघत राहायची. "भाजत नाय का रे?" तो म्हणायचा, "समजत नाय गो आई. संध्याकाळी बोटांना कायच समजत नाय." हे तो तक्रार म्हणून सांगायचा नाही. बाहेर अंधार पडला, असं सांगावं तसं सांगायचा.

त्याला एकच हवं होतं. सेटर व्हायचं होतं. प्रेसमध्ये साचा बसवणारा, तो नीट जुळवून मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारा माणूस म्हणजे सेटर. सेटर दिवसभर बटणं दाबत नाही, तो डोकं लावतो. गाळ्यातला सेटर दिवाळीनंतर गावी परत जाणार होता आणि सुपरवायझर सावंतांनी दादाला सांगून ठेवलं होतं, "तुझंच नाव देतो शेठला." त्यानंतर दादा घरी पाटीवर साच्यांची चित्रं काढायला लागला. माझी जुनी शाळेची पाटी. मी त्याला कोन मोजायला शिकवलं आणि तो चार दिवसांत माझ्या पुढे गेला.

त्या प्रेसला पुढे दोन बटणं असायची, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली यायचा. कारण सरळ आहे, दोन्ही हात बटणांवर असले तर ते साच्यात नसणार. पण दोन्ही हात बटणांवर असले तर पट्टी सरकवायला तिसरा हात आणायचा कुठून, हाही प्रश्न सरळ आहे. गाळ्यात त्याचं उत्तर सगळ्यांकडे होतं. कुणी डावं बटण दाबून त्याच्या भोवतीच्या कड्यात काडेपेटीचा पुठ्ठा खुपसायचा, कुणी चिंधी, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं. ते सारखं निसटायचं. दादाने एका रविवारी कोळशाने जमिनीवर बटण काढलं, भोवतीचं कडं काढलं, आणि बाबांना म्हणाला, "एवढ्या फटीला एक पाचर तासून द्या." बाबांनी विचारलं, "कशाला?" दादा म्हणाला, "एक हात मोकळा होतो." बाबांना एवढं पुरलं. हात मोकळा होणं त्यांच्या हिशोबी चांगलंच होतं. त्यांनी तळहाताएवढी पाचर केली, चिंचेची, आणि आपलं वाक्य सांगितलं. महिनाभराने बाकीच्या सहा प्रेससाठीही पाचरी गेल्या. सावंतांनी निरोप धाडला होता, "बाबांना सांग, माल एक नंबर."

आता कॉलेजचं. आम्हाला वर्षातून एकदा कारखाना बघायला नेत. पोरं त्या इंडस्ट्रियल व्हिजिटला आयव्ही म्हणत, आणि आयव्ही म्हणजे पोरांच्या मनात सिल्वासा, दमण, बसमध्ये गाणी. त्या वर्षी टिपणीस सरांनी जाहीर केलं, सातिवली. वर्गभर हाय हाय झालं. एक जण म्हणाला, "सर, तिकडे तर आम्ही वडापाव खायला जातो." सर म्हणाले, "मग या वेळी डोळे उघडे ठेवून खा." टिपणीस सर चांगले होते. पुढे काय झालं ते लिहिण्याआधी एवढं लिहून ठेवते.

आयव्हीनंतर प्रत्येकाने रिपोर्ट द्यायचा असतो. तो कोणीच लिहीत नसे. सीनियरची फाईल खाली यायची, तिच्यावरून आम्ही, आमच्यावरून ज्युनियर. त्या फाईलमध्ये 'ल्युब्रिकेशन'चं स्पेलिंग एका जागी चुकलेलं होतं आणि ती चूक बॅचमागून बॅच जशीच्या तशी चालत आली होती. ग्रेसी मला म्हणाली, "बाय, माझ्याकडे फाईल आहे, तू पण उतरव. सर कुठे वाचतात?" मी म्हटलं, "मी माझा लिहिणार." ती म्हणाली, "लिही बाई. तुला हौस." हौस नव्हती. आमच्या घरातून पहिल्यांदा कोणीतरी शिकायला बाहेर पडलं होतं आणि ते दुसऱ्याचं उतरवायला नव्हे, असं माझं पक्कं होतं. आजही आहे. त्या दिवशी मी ग्रेसीची फाईल उतरवली असती तर, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. आता करत नाही. करून झाला.

सरांनी कुठला गाळा ठरवला ते आम्हाला बस थांबल्यावर कळलं. दादाचाच होता. वाचणाऱ्याला वाटेल, मला लाज वाटली असेल, मी मागे लपले असेन. अजिबात नाही. मी सगळ्यांच्या पुढे होते. आत शिरताच त्या आवाजाने पोरं गप्प झाली. सात प्रेस एकदम चालू, पायाखालची फरशी थरथरते, बोललेलं ऐकू येत नाही. मी तिसऱ्या मशीनकडे बोट दाखवलं आणि सरांच्या कानाशी ओरडले, "सर, तो माझा सख्खा भाऊ!" सर थेट तिथे गेले आणि त्यांनी हात पुढे केला. दादाने हात पँटला पुसला, आधी तळवा, मग मागची बाजू, तोवर सर हात तसाच धरून उभे. शेवटी मिळवला एकदाचा.

सावंत धावत आले. गाळ्यात दादाला नावाने कोणी हाक मारत नसे हे मला तेव्हा कळलं. सावंत म्हणाले, "ए चांदीप, मॅडम लोकांना दाखव जरा." गावाचं नाव, तेच त्याचं नाव. माझ्या अंगाला ते कुठेतरी लागलं. मोठं काही नाही, चपलेत खडा जावा तसं.

दादाने दाखवलं. आधी दोन्ही हातांनी, पुस्तकातल्यासारखं. मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, वरच्या खिशातून पाचर काढली, डावं बटण दाबलं आणि अंगठ्याच्या एका रेट्याने ती कड्यात बसवली. त्यानंतर त्याचा डावा हात पट्टी सरकवत होता आणि उजवा बटणावर नाचत होता. खट, धाड, खट, धाड. पानं पडत होती आणि त्याचं लक्ष कुठेच नसल्यासारखं होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी विचारलं, "दोन्ही बटणं दाबून काम करत नाही तुम्ही?" दादा म्हणाला, "दोन्ही हात तिथं ठेवले तर पट्टी कोन सरकवनार सर? तुम्ही येता का रोज?" सगळे हसले. सावंतही हसले. सरही हसले, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, तेलाची वाफ बसली असेल.

त्या आठवड्यात मी घरी रिपोर्ट लिहिला. आधी कच्च्या वहीत पेन्सिलीने, मग चांगल्या कागदावर शाईने. कंदिलाबिंदिलाची गोष्ट नाही, आमच्याकडे वीज होती, फक्त टेबल नव्हतं. आई भाकऱ्या थापायची, तो थप थप आवाज, आणि मी पाटावर कागद ठेवून इंग्रजी वाक्यं जुळवायचे. पाचरीला इंग्रजी शब्द मला माहीत होता, मशीन ड्रॉइंगच्या तासाला शिकलो होतो, वेज. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "वेज? एवढंच? ठोकल्यासारखं नाय वाटत." आकृत्या चार होत्या. पहिल्या तीन पुस्तकात मिळतात तशा. चौथी माझी, बटण, कडं आणि त्यात बसवलेली पाचर, बाण काढून, नावं लिहून. खाली लिहिलं, एका हाताने प्रेस चालवण्याची पद्धत.

आणि शेवटी आभाराचं पान. सीनियरच्या फाईलमध्ये तिथे प्राचार्य, विभागप्रमुख आणि कंपनीचं व्यवस्थापन एवढेच असायचे. मी त्यात एक वाक्य घातलं. श्री. जनार्दन, पुढे बाबांचं नाव, पुढे आडनाव, यांनी आकृती चारमधील पद्धत स्वतः तयार करून प्रत्यक्ष दाखवली याबद्दल त्यांचे विशेष आभार. स्पेलिंग तीनदा तपासलं. मला त्या चपलेतल्या खड्याचं काहीतरी करायचं होतं. चांदीप काय? माणसाला नाव आहे.

टिपणीस सरांनी रिपोर्ट वाचला. वर्गात उचलून दाखवला. म्हणाले, "तीस फाईली, त्यातली एक लिहिलेली आहे." आकृती चारच्या शेजारी त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, अनसेफ प्रॅक्टिस. गुड ऑब्झर्वेशन. मी गुड ऑब्झर्वेशन वाचलं. आधीचे दोन शब्द वाचले नाहीत असं नाही. वाचले. पण ते मला विषयातले वाटले. परीक्षेत उत्तराला येतात तसले. त्या शब्दांचा आणि आमच्या घरी संध्याकाळी ताट वाजवणाऱ्या माणसाचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला जाडं डोकं म्हणणारं घरात कोणी नव्हतं, हाच घोटाळा झाला.

सरांची एक पद्धत होती. ज्या कारखान्यात मुलं नेली तिथे आभाराचं पत्र आणि त्यासोबत सगळ्यात चांगला रिपोर्ट पाठवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी दार उघडं राहतं. त्यांनी पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं. "पोस्टाने कशाला? तुझा भाऊ आहेच तिथे." मी ते घरी नेलं. दादाने ते दोन्ही हातांनी घेतलं. डाळ सांडून डाग पडू नये म्हणून डब्याच्या पिशवीत न ठेवता शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं, वर प्लास्टिक. आई म्हणाली, "लगीनपत्रिका नेतोस की काय?" दादा म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठं हाय. सुगीने लिहिलंय." सायकलवर बसताना त्याने छातीवर हात ठेवून पाकीट आहे ना ते बघितलं.

त्या दिवशी दुपारी तो घरी आला. मी अभ्यासाची सुट्टी म्हणून घरी होते. आई वालाचं बिरडं सोलत बसली होती. दुपारच्या वेळी दादा कामाच्या दिवशी घरी, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या क्षणी त्याला ओळखायलाच जरा वेळ लागला. त्याने सायकल लावली, हात धुतले, राखेने, कोपरापर्यंत. आईने विचारलं, "आज लवकर?" तो म्हणाला, "हां." डबा पुढे ठेवला, तो उघडलाच नव्हता. मग खिशातून पाचर काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली, काडेपेटीशेजारी. तेलाने काळी झालेली, एका अंगाला कड्याची गोल खूण पडलेली. ती घरी आलेली बघून मी विचारलं, "ही का आणलीस?"

"काम झालं तिचं," दादा म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. आवाज न चढवता, मधे मधे हसतसुद्धा. शेठ आठवड्यातून दोनदा यायचे, त्या दिवशी नेमके होते. दादाने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि मशीनवर गेला. थोड्या वेळाने काचेच्या केबिनमधून शेठचा आवाज आला, "ये जनार्दन कौन है?" कोणालाच माहीत नव्हतं. सावंत आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग म्हणाले, "अरे, चांदीप." दादाने प्रेस बंद केला, हात पुसले. "मला वाटलं सेटरचं झालं," तो आम्हाला म्हणाला. "सावंतसाहेबांनी नाव दिलं असंल. शेठला नाव म्हाईत झालं म्हंजे तेच की." तो हसतच केबिनमध्ये गेला. शेठने आभाराचं पान त्याच्यासमोर धरलं आणि नावावर पेन टेकवलं. "ये तुम्हारा नाम?" दादा म्हणाला, "हो शेठ." त्याला अजून वाटत होतं चांगलंच आहे काहीतरी. नाव छापल्यासारखं, इतक्या सुंदर अक्षरात.

मग शेठने चौथी आकृती दाखवली. मोठ्या कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यात गाळा तपासायला येणार होता, ऑर्डर त्यांची होती, आणि कॉलेजच्या शिक्क्याचा कागद सांगत होता की इथे बटणात पाचर ठोकून काम चालतं. शेठने सावंतांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? सावंत म्हणाले, "नाही शेठ. हे याचंच डोकं." अर्ध्या तासात सातही मशीनच्या पाचरी गोळा झाल्या. सहा पोत्यात टाकल्या. नाव मात्र एकाचंच होतं. उद्यापासून येऊ नको, एवढंच त्याला सांगितलं. निघताना त्याने आपली पाचर तेवढी मागून घेतली. म्हणाला, बाबांनी केलीय.

आईने बिरडं सोलायचं थांबवलं नव्हतं. तिने विचारलं, "पन नाव कोनी घातलं कागदात?"

दादा म्हणाला, "असंच असतं कागदात."

मी म्हटलं, "मी घातलं."

यानंतर आरडाओरड झाली असती तर ते दिवस माझ्या जास्त लक्षात राहिले असते. काही झालं नाही. आईने सालं गोळा केली आणि शेजारच्या कोंबड्यांना टाकायला गेली. संध्याकाळी बाबा शेतावरून आले, त्यांनी देवळीत पाचर बघितली, उचलली, बोटाने तिची धार तपासली, परत ठेवली. जेवण झालं. दादाची बोटं त्या रात्री ताटावर वाजली नाहीत, ते मात्र मला ऐकू आलं. मला रडू आलं नाही. मी वाट बघत होते, येईल म्हणून. डोक्यात फक्त भुशासारखं काहीतरी भरलेलं होतं, ना गार ना गरम. दादा बोटांबद्दल म्हणायचा तसं, समजत नाही. दोन दिवसांनी माझी तोंडी परीक्षा होती. गेले, बसले, विचारलं तेवढं सांगितलं, पास झाले. चांगले मार्क पडले. त्याचंही काही वाटलं नाही.

टिपणीस सरांना मी सांगितलं. माझ्यासमोरच त्यांनी शेठला फोन लावला. शेठ म्हणाले, कोणाला काढलेलं नाही, तो मुलगा स्वतःहून गेला. सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सुगंधा, ते धोक्याचं होतंच. त्याचा हात जाऊ शकला असता." मी म्हटलं, "हो सर." खरं होतं. तरी मी म्हणाले, "पण सर, धोका सातही मशीनवर होता. नाव एकाचंच गेलं." सरांनी चष्मा काढला. या वेळी मला कळलं की वाफ नसते.

आज मी पन्नाशीच्या घरात आहे. चार कारखान्यांत नोकरी केली, सध्या जिथे आहे तिथे सुरक्षेचं खातं माझ्याकडे आहे. इंजिनियर म्हणून माझ्या नावाची पाटी दारावर आहे आणि ती मी स्वतः फडक्याने पुसते, त्यात मला काही चोरी नाही. दरवर्षी कॉलेजची पोरं येतात. मोबाईलवर फोटो काढतात, रिपोर्ट कुठूनतरी तयार मिळवतात. मी त्यांना सांगते, बघाल ते लिहा. आणि मग सांगते, चूक मशीनची लिहा, जागेची लिहा, माणसाचं नाव लिहिण्याआधी त्याला विचारा. ते मान डोलावतात. कुठल्याही गाळ्यात गेले की माझे डोळे आधी बटणांकडे जातात. अजूनही सापडतात, पाचरी, पुठ्ठे, बाटलीची बुचं. मी ते काढते आणि खिशात टाकते. मग ते मशीन बंद ठेवायला लावते आणि वरिष्ठांना विचारते की एका माणसाला तीन हातांचं काम दिलं कोणी. चालवणाऱ्याचं नाव मी लिहून घेत नाही. यावरून माझी भांडणं झाली आहेत. होऊ देत.

दादा पुन्हा कुठल्या प्रेसवर गेला नाही. सेटर झाला नाही. काही वर्षं टेम्पो चालवला, मग बाबांच्या पाठीमागे शेती, पावसाळ्यानंतर काकडी, दुधी. गावातल्या मोटारी, पंप, सगळं त्याच्याकडेच येतं. त्याची दहाही बोटं शाबूत आहेत. कोणी म्हणतं, त्या वेळी सुटलास ते बरंच झालं. तो म्हणतो, "हां, बरंच झालं." मी त्याच्या तोंडाकडे बघत असते. ते खरं आहे की नाही, मला अजून ओळखता आलेलं नाही.

नोकरी गेल्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. मी पाटावर बसून पुस्तक उघडं ठेवलं होतं, वाचत नव्हते. दादा येऊन शेजारी टेकला. म्हणाला, "सुगे, तो कागद दाखव ना. शेठने नीट बघूच दिला नाय." चांगली प्रत गाळ्यातच राहिली होती. माझ्याकडे कच्ची वही होती, पेन्सिलीची. मला ती काढायची नव्हती. तो तसाच बसून राहिला, म्हणून काढली.

त्याने आधी हात धुवून घेतले. मग आभाराच्या पानावर बोट ठेवून इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. "जे. ए. एन." शेवटपर्यंत गेला. "बाबांचं पन हाय?" मी म्हटलं, "हाय." तो म्हणाला, "बरोबर लिहिलंस. हजेरीत जनाधन लिवलं होतं. तीन वरसं." पान उलटलं. चौथ्या आकृतीपाशी थांबला. वही जवळ घेतली, लांब धरली, एक डोळा मिटला. त्याच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता बोलेल. आता जे बोलायचं ते बोलून टाकेल, आणि मी तयार होते. मला ते हवं होतं.

तो म्हणाला, "ही उलटी काढलीस."

"काय?"

"पाचर. जाड डोकं आत काढलंस. आत जाईलच कशी? आनि गेलीच तर निघंल कशी?"

मी बघितलं. खरंच उलटी होती. शाईच्या प्रतीतही तशीच गेली असणार, कारण मी इथूनच उतरवली होती. सरांना दिसलं नाही, शेठला दिसलं नाही, मलाही नाही. ज्या आकृतीने एवढं केलं तिच्यातली पाचर बसणारीच नव्हती.

"खोडरबर हाय का?" दादाने विचारलं.

मी आणलं. त्याने वही धरून ठेवली, मी खोडलं. मग तो देवळीतून पाचर घेऊन आला, ती माझ्यासमोर धरली, आणि मी बघून बघून पुन्हा काढली, बारीक तोंड आत, जाड डोकं बाहेर. त्याने दोनदा कोन बदलायला लावला. तिसऱ्यांदा म्हणाला, "हां. आता काढता येईल." आतून आईने ताटं मांडल्याचा आवाज आला.